चाळीस हजार की एकोणीस हजार नऊशे? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या महिन्यात सरकारी आणि खासगी नोकरीच्या तुलनेविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे निवडली आहेत. चारही इंदूरची आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा पंचवीस वर्षांचा असून वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. पीथमपूरच्या एका कारखान्याच्या लेखा विभागात तो तीन वर्षांपासून काम करतो. त्याचे वार्षिक पॅकेज ४,८०,००० रुपये आहे. गेल्या वर्षी मी आग्रह धरल्यामुळे त्याने केंद्राच्या कनिष्ठ लिपिक पदाची परीक्षा दिली आणि आता त्याची निवड झाली आहे. नियुक्तिपत्रात मूळ वेतन १९,९०० रुपये लिहिले आहे. तो म्हणतो, "बाबा, चाळीस हजार सोडून वीस हजारांवर जाऊ का?" मी स्वतः राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झालो असून माझ्या निवृत्तिवेतनावर आमचे घर सन्मानाने चालते. घरात रोज वाद होतो. कोणाचे बरोबर आहे? — एक पालक, सुदामानगर

उत्तर : तुम्ही दोघेही वेगवेगळ्या आकड्यांची तुलना करीत आहात, म्हणून वाद मिटत नाही. मुलाचे चाळीस हजार म्हणजे त्याच्यासाठी कंपनीला महिन्याला येणारा एकूण खर्च आहे, आणि १९,९०० हा सरकारी पगाराचा केवळ पाया आहे. दोन्ही आकडे हातात पडणाऱ्या रकमेपर्यंत आणल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

आधी पीथमपूरचा पगार पाहू. मुलाची सॅलरी स्लिप आणि नियुक्तीच्या वेळचे पत्र समोर ठेवावे. अशा पॅकेजची मांडणी बहुधा पुढीलप्रमाणे असते. तुमच्या कागदावर थोडाफार फरक निघेल. महिन्याच्या ४०,००० पैकी मूळ पगार २०,००० धरला, तर कंपनीने भरावयाचा भविष्यनिर्वाह निधीचा १२ टक्के हिस्सा म्हणजे २,४०० रुपये याच चाळीस हजारांत मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीपोटी मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे ९६० रुपये, त्यातच धरलेले असतात. आरोग्यविम्याचा हप्ता समजा ५०० रुपये. वर्षाच्या शेवटी कामगिरी पाहून दिला जाणारा दहा टक्के बदलता भाग, म्हणजे महिन्याचे ४,०००, हेही त्यातच येतात आणि ते पूर्ण मिळतीलच याची हमी नसते. उरतात सुमारे ३२,१४० रुपये. त्यातून मुलाच्या स्वतःच्या वाट्याचे भविष्यनिर्वाह निधीचे २,४०० आणि व्यवसाय कराचे दोनशेच्या वर रुपये वजा केले, की बँकेच्या खात्यात साडेएकोणतीस हजार जमा होतात. ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते. त्याने आता नोकरी सोडली तर ती रक्कम त्याला मिळणारही नाही, हे त्याने लक्षात ठेवावे.

आता लिपिकाचा पगार. मूळ वेतन १९,९००. महागाई भत्ता आपण ५५ टक्के धरू, कारण जानेवारी २०२५ पासून केंद्राचा तोच दर होता. पुढे तो वाढतच जातो. त्याचे १०,९४५ रुपये झाले. केंद्राच्या वर्गवारीत इंदूर वाय श्रेणीचे शहर आहे आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून या श्रेणीला २० टक्के घरभाडे भत्ता मिळतो, म्हणजे ३,९८० रुपये. बेरीज ३४,८२५ झाली, प्रवासभत्ता वेगळा. यातून निवृत्ती योजनेसाठी मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या दहा टक्के, म्हणजे ३,०८४ रुपये कापले जातील. हातात साडेएकतीस हजारांच्या आसपास येतील. शिवाय राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत सरकार आपल्या बाजूने १४ टक्के, म्हणजे ४,३१८ रुपये घालते, आणि ते वरील बेरजेत धरलेलेच नाहीत.

तेव्हा "चाळीस सोडून वीस" हा मुलाचा हिशेब पूर्णपणे चुकीचा आहे. नियुक्ती इंदूरला मिळाली तर पहिल्याच महिन्यात त्याच्या हातात आजच्यापेक्षा दोन हजार अधिक पडतील. लहान गावी मिळाली तर घरभाडे भत्ता दहा टक्क्यांवर येईल. मग दोन्ही पगार जवळपास सारखे होतील, कारण प्रवासभत्ता तेथेही थोडाफार मिळतोच.

मात्र, काका, तुमच्याही मनात एक गोष्ट जुन्या काळची आहे, ती स्पष्ट सांगणे भाग आहे. तुमच्यासारखे शेवटच्या पगाराच्या निम्मे निवृत्तिवेतन, तेही पगारातून काहीही न कापता, तुमच्या मुलाला मिळणार नाही. केंद्राच्या सेवेत १ जानेवारी २००४ पासून आणि मध्यप्रदेशात १ जानेवारी २००५ पासून लागलेल्यांसाठी ती व्यवस्था संपली. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजनेचा पर्याय दिला आहे. तो घेतल्यास पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम निश्चित मिळते, दहा वर्षांच्या सेवेवर किमान १०,००० मिळतात आणि त्यावर महागाईची वाढही मिळते. पण दरमहा दहा टक्के कपात चालू राहते. रुजू झाल्यावर हा पर्याय ठराविक मुदतीतच निवडावा लागतो. कार्यालयातील नव्या सहकाऱ्यांना विचारून निर्णय पुढे ढकलू नये, पहिल्याच आठवड्यात आस्थापना शाखेत जाऊन अर्ज मागून घ्यावा.

असे असले तरी म्हातारपणाच्या बाबतीत सरकारी पारडे आजही जड आहे. खासगी क्षेत्रातील कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत १५,००० रुपयांच्या पगारमर्यादेवर पस्तीस वर्षे काढली, तरी सूत्राप्रमाणे साडेसात हजारांच्या आसपासच निवृत्तिवेतन बसते. सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच १५,००० पेक्षा अधिक मूळ पगारावर लागलेल्यांना तर या योजनेत प्रवेशच नाही. मुलाने आपल्या पासबुकात निवृत्तिवेतनाच्या रकान्यात दरमहा १,२५० रुपये जमा होतात की नाही हे आजच पाहावे.

मग रुजू व्हावे का? माझे मत त्याच्या पुढच्या शिक्षणावर अवलंबून आहे. सरकारी पगार खालच्या पदांना उदार आणि वरच्या पदांना आखडता आहे. सातव्या वेतन आयोगाने अहमदाबादच्या आयआयएमकडून तुलना करून घेतली होती. आयोगाच्या नोव्हेंबर २०१५ च्या अहवालात ती आली आहे. सर्वांत खालच्या श्रेणीतील मदतनीसाला सरकारात महिन्याला एकूण २२,५७९ रुपये मिळत होते, तर पाहणी केलेल्या खासगी संस्थांत त्याच कामाला ८,००० ते ९,५००. पदाच्या शिडीवर जसजसे वर जावे तसतसे हे अंतर कमी होत जाते आणि पुढे उलटे होते. देशाच्या मंत्रिमंडळ सचिवांचे मूळ वेतन २,५०,००० रुपये, म्हणजे सर्वांत खालच्या १८,००० च्या चौदा पटही नाही. मोठ्या खासगी कंपनीत प्रमुख आणि शिपाई यांच्या पगारांत असे प्रमाण कोठेही दिसणार नाही.

तुमचा मुलगा जर नुसत्या पदवीवर पावत्या आणि बिलांची नोंद करीत असेल, तर तेच काम करणारे दुसरे तरुण पीथमपूरला मुबलक मिळतात आणि त्याचा पगार फार वर जाणार नाही. अशा वेळी त्याने विनाविलंब रुजू व्हावे. पण तो सीएची मधली परीक्षा उत्तीर्ण होऊन अंतिम परीक्षेची तयारी करीत असेल, किंवा कारखान्याचा कॉस्टिंगचा विभाग सांभाळू लागला असेल, तर दहा वर्षांनी त्याचा खासगी पगार लिपिकाच्या पगाराच्या बराच पुढे जाऊ शकतो. लिपिकाच्या मूळ वेतनात वर्षाला तीन टक्के वाढ होते आणि पदोन्नती रखडली तर दहा, वीस आणि तीस वर्षांनी पुढची वेतनश्रेणी मिळते. दहा वार्षिक वाढींनंतर त्याचे मूळ वेतन २६,८०० होईल आणि त्यावर त्या वेळचा महागाई भत्ता. आठवा वेतन आयोग काय देईल, यावर आज आशा बांधून निर्णय घेऊ नये.

तुम्ही पत्रात शेवटी लिहिले आहे की स्थळे सरकारी नोकरीलाच पसंती देतात. ते खरे असेल, परंतु ज्या मुलाला रोज त्या टेबलाशी बसायचे आहे, त्याच्या निर्णयात हे कारण सर्वांत शेवटी यावे. आणि एक व्यवहाराची गोष्ट : कारखान्याचा राजीनामा रीतसर द्यावा, नोटिशीची मुदत पूर्ण करावी आणि कार्यमुक्तीचे पत्र हातात घ्यावे. मुदत अपुरी पडत असेल तर नियुक्ती देणाऱ्या कार्यालयाकडे लेखी अर्ज करून रुजू होण्याची तारीख पुढे मागता येते.

प्रश्न : तुमच्यासारखी सुशिक्षित माणसे आकडेमोड करतात. माझे वडील हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल बंद पडली तेव्हा मी शाळेत होतो. वडील पैशांची वाट पाहत गेले. म्हणून मी माझ्या दोन्ही मुलांना सांगितले आहे की खासगीत पाऊल टाकायचे नाही. यात माझे काय चुकले? — एक वाचक, मालवा मिल परिसर

उत्तर : तुमचे काहीही चुकलेले नाही. तुमचे पत्र वाचून मन जड झाले. हुकुमचंद मिल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली आणि तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्याचे सुमारे २२४ कोटी रुपये देण्याचा कार्यक्रम २५ डिसेंबर २०२३ रोजी झाला. मधल्या तीस वर्षांत ज्यांचे आयुष्य सरले, त्यांच्या मुलांना आकडेमोड सांगायला मला संकोच वाटतो. इंदूरच्या घराघरांत सरकारी नोकरीचा जो आग्रह दिसतो, त्याला पुष्कळ जण होळकरांच्या दरबारातील चाकरीची जुनी सवय म्हणतात. मला मात्र मिलच्या भोंग्यांचे थांबणे हे त्यामागचे अधिक खरे कारण वाटते.

तरीही मुलांपुढे हेच चित्र दुसऱ्या बाजूनेही ठेवा. याच शहरातील मालवा मिल १९७४ च्या राष्ट्रीयीकरणानंतर राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, म्हणजे सरकारकडेच होती, आणि तीही बंद झाली. मध्यप्रदेश राज्य सडक परिवहन निगमात लागलेला चालक-वाहक आपण सरकारी नोकर आहोत असेच समजत होता. २००५ मध्ये ते निगम बंद करण्याचा निर्णय झाला आणि हजारो घरांनी स्वेच्छानिवृत्तीचे कागद हातात घेतले. शासनाचा विभाग आणि शासनाच्या मालकीचे महामंडळ यांत फरक आहे. विभागातील नियमित कर्मचाऱ्याला संविधानाच्या अनुच्छेद ३११ चे संरक्षण असते, त्याला चौकशीशिवाय आणि म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही. महामंडळाच्या कर्मचाऱ्याला ते कवच नसते आणि त्याचा पगार महामंडळाच्या तिजोरीत पैसे असण्यावर अवलंबून असतो.

खासगी नोकरीची धास्ती असेल, तर मुलांच्या पहिल्या पगारापासून सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बाजूला ठेवण्याची सवय लावा, आणि भविष्यनिर्वाह निधी नोकरी बदलताना काढून न घेता नव्या खात्यात वळवायला सांगा. तुमच्या वडिलांचे पैसे कंपनीच्या मालमत्तेत अडकले होते. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात नियमित जमा झालेली रक्कम कंपनी बुडाली तरी बुडत नाही. म्हणून ती दरमहा खरोखर जमा होते का, हे मुलांनी स्वतः पाहिले पाहिजे.

प्रश्न : मी सत्तावीस वर्षांची आहे. भंवरकुआँ भागात खोली घेऊन तीन वर्षांपासून राज्यसेवा आणि कर्मचारी चयन मंडळाच्या परीक्षा देत आहे. दोनदा पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झाले. खोली, डबा, ग्रंथालय मिळून महिन्याला नऊ हजार खर्च होतो, तो आई पाठवते. सुपर कॉरिडॉरच्या एका कंपनीत अठरा हजारांची नोकरी मिळत आहे. मैत्रिणी म्हणतात, नोकरी धरली की अभ्यास सुटतो. काय करू? — एक परीक्षार्थी

उत्तर : नोकरी घ्या. इतके सरळ उत्तर मी एरवी देत नाही, पण तुमच्या पत्रातील आकड्यांनीच ते दिले आहे. आईचे नऊ हजार आणि न मिळालेले अठरा हजार मिळून प्रत्येक महिन्याची किंमत सत्तावीस हजार, आणि वर्षाची ३,२४,००० रुपये होते. एवढी रक्कम दरवर्षी घालून तुम्ही एका अनिश्चित गोष्टीची वाट पाहता आहात. दोन वेळा पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झालात, म्हणजे क्षमता आहे. पण या राज्यात निकाल केवळ क्षमतेवर लागलेले नाहीत. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण १४ वरून २७ टक्के करण्याच्या २०१९ च्या निर्णयावर न्यायालयात वाद सुरू झाला आणि २०२२ पासून निकाल ८७ टक्के आणि वादातील १३ टक्के अशा दोन भागांत लावले गेले. त्या तेरा टक्क्यांत निवड होऊनही कित्येक तरुण-तरुणी नियुक्तीविना बसून राहिले. ही तुमची उणीव नव्हे, आणि तुमच्या अभ्यासाने ती दूरही होणार नाही.

राज्यसेवेसाठी सर्वसाधारण वर्गाची कमाल वयोमर्यादा ४० वर्षे आहे. ती सोय म्हणून ठेवली गेली, परंतु तिनेच अनेकांची तिशी भंवरकुआँच्या खोल्यांत संपवली आहे, असे मला अनेक पत्रांवरून दिसते. मर्यादा शासनाने घातलेली आहे म्हणून ती आपण वापरलीच पाहिजे असे नाही. स्वतःची मर्यादा स्वतः ठरवा आणि आईला सांगून ठेवा. नोकरी करीत असताना सकाळचे दोन तास आणि रविवार एवढाच वेळ उरतो हे खरे आहे, मात्र तीन वर्षे अभ्यास केलेल्या विद्यार्थिनीला नवे वाचण्यापेक्षा प्रश्नपत्रिका सोडवण्याची आणि उत्तरलेखनाची गरज अधिक असते, आणि ते काम या वेळात होते. मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलात, तर त्या वेळी दोन महिने बिनपगारी रजा घ्या किंवा गरज पडल्यास राजीनामाही द्या. तो खर्च तेव्हा वाजवी ठरेल. सुपर कॉरिडॉरची ती नोकरी रात्रपाळीची आहे का, हे मात्र आधी विचारा. रात्रपाळी असेल तर अभ्यास खरोखर सुटतो आणि मग मैत्रिणींचे म्हणणे बरोबर ठरेल.

चयन मंडळाच्या पदांविषयी आणखी एक. राज्याने डिसेंबर २०१९ मध्ये नव्या तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या भरतीसाठी परिवीक्षा, म्हणजे कायम होण्यापूर्वीचा चाचणीचा काळ, तीन वर्षांची केली आणि त्या वर्षांत अनुक्रमे ७०, ८० आणि ९० टक्केच वेतन देण्याची अट घातली. ती वादग्रस्त ठरली. तुम्ही अर्ज केलेल्या प्रत्येक जाहिरातीत याविषयी काय लिहिले आहे ते वाचून घ्या, कारण पहिल्या वर्षाचा पगार त्यावर ठरतो.

तुम्ही दबकत विचारले आहे की लग्नानंतर बाईमाणसाला सरकारी नोकरीच बरी का. त्यात दबकण्यासारखे काही नाही. प्रसूतीची रजा आता खासगीतही २६ आठवड्यांची आहे, पण मुलांच्या संगोपनासाठी संपूर्ण सेवेत मिळणारी ७३० दिवसांची रजा फक्त सरकारी सेवेत आहे, आणि ज्या घरात मुलांची सगळी जबाबदारी आईवरच टाकली जाते तेथे या रजेचे मोल पगाराच्या आकड्याहून जास्त ठरते. म्हणून परीक्षा सोडू नका, एवढेच की पोट भरत परीक्षा द्या.

प्रश्न : एका खासगी पॅथॉलॉजीत मी तंत्रज्ञ आहे, पगार सतरा हजार. सरकारी रुग्णालयात त्याच कामाची जागा साडेपंधरा हजारांवर मिळते आहे. भरती एका एजन्सीमार्फत आहे. आत शिरलो की पुढे कायम होतो असे सगळे म्हणतात. — एक वाचक, परदेशीपुरा

उत्तर : सगळे म्हणतात त्यावर विसंबून दीड हजार सोडू नका. सरकारी रुग्णालयात एकाच प्रयोगशाळेत तीन प्रकारची माणसे शेजारी-शेजारी बसून काम करतात : नियमित, संविदा आणि आउटसोर्स. संविदा कर्मचाऱ्याचा करार निदान विभागाशी असतो. तुमची नेमणूक आउटसोर्सची आहे, म्हणजे तुमचा मालक रुग्णालय नसून ती एजन्सी आहे. तिचा ठेका संपला की नवा ठेकेदार तुम्हाला ठेवीलच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये उमादेवी प्रकरणात सांगितले आहे की रीतसर निवडप्रक्रियेशिवाय लागलेल्यांना केवळ बरीच वर्षे काम केले म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. २०१६ च्या जगजितसिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामासाठी समान वेतनाचे तत्त्व लागू केले, पण ठेकेदाराच्या माणसाला तिथपर्यंत पोहोचणे कठीण जाते.

तरीही जायचे असेल, तर रुजू होण्यापूर्वी एजन्सीकडून नियुक्तिपत्र लेखी घ्या. हातात येणारी रक्कम, भविष्यनिर्वाह निधीची कपात आणि कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) या तिन्ही गोष्टी त्यात लिहिलेल्या असल्या पाहिजेत. तुमचा पगार २१,००० च्या आत असल्यामुळे तुम्ही आणि कुटुंब राज्य विम्याच्या उपचारांना पात्र आहात. तुमच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के जमा व्हायला हवेत. सध्याच्या पॅथॉलॉजीत हे कापले जाते का, हेही पत्रात लिहिलेले नाही. जात नसेल आणि एजन्सी खरोखर भरत असेल, तर साडेपंधरा हजारांचा विचार करता येईल. भरती नियमित पदांची निघेल तेव्हा अर्ज दोन्हीकडून करता येतोच. अनुभवाचे काही गुण किंवा सूट असल्यास त्यासाठी कोणता अनुभव ग्राह्य धरला जातो, ते जाहिरातीत पाहा, आणि तोपर्यंत सध्याच्या पॅथॉलॉजीकडून दरवर्षीचे अनुभव प्रमाणपत्र सही-शिक्क्यानिशी मागून घेत जा.